छोट्या भागधारकाचं मत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की ईमेलमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा येऊ लागतात आणि सप्टेंबर संपेपर्यंत थांबत नाहीत. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ही सभा घ्यावीच लागते, म्हणून ही गर्दी. याच दिवसांत ओळखीचे लोक मला फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सगळं भारतातल्या शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांबद्दल आहे.

माझ्याकडे पन्नास शेअर्स. माझ्या मताने काय फरक पडणार?

बऱ्याच ठरावांवर फारसा पडत नाही. पण काही ठरावांवर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त पडतो. कुठला ठराव कुठल्या जातीचा हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

साधारण ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांपेक्षा जास्त असली की पुरे. प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे, ५५ टक्के शेअर्स असतील आणि त्यांना मतदानाची मुभा असेल, तर निकाल नोटीस निघाली तेव्हाच ठरलेला असतो. विशेष ठरावाला मात्र बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट, म्हणजे ७५ टक्के लागतात. आणि हा हिशेब कंपनीच्या एकूण शेअर्सवर होत नाही, प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर होतो. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळी गंमत इथेच आहे.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा प्रवर्तकांकडे १०० पैकी ६० शेअर्स आणि बाकी सगळ्यांकडे मिळून ४०. प्रवर्तक तर सगळे मत देणार. बाकीच्यांपैकी निम्म्यांनीच मत दिलं, म्हणजे २० पडली, आणि ती सगळीच्या सगळी विरोधात पडली, तरी ६० ला २०, बरोबर तिप्पट. ठराव मंजूर! बाहेरच्या एकाही माणसाला तो नको होता, तरीही. आता त्याच ४० पैकी ३० जणांनी विरोधात मत दिलं असं धरा. तिप्पट व्हायला ९० लागतील, प्रवर्तकांकडे ६०च आहेत. ठराव पडला. या दोन निकालांमधला फरक म्हणजे घरी बसलेले ते दहा.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आयशर मोटर्सच्या सभेत सिद्धार्थ लाल यांच्या व्यवस्थापकीय संचालकपदावरच्या पुनर्नियुक्तीचा ठराव असाच अडकला. सुमारे ७३ टक्के मतं बाजूने होती. निवडणुकीत याला दणदणीत विजय म्हणतात, इथे ठराव पडला. आक्षेप माणसावर नव्हता, नियुक्तीबरोबर जोडलेल्या मानधनावर होता. संचालक मंडळाने मानधनाची कमाल मर्यादा खाली आणून नवा ठराव आणला आणि त्याच वर्षी भागधारकांनी तो मंजूर केला. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या अधिकाऱ्यांच्या मानधनाचे ठरावही ७५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडू शकले नव्हते.

प्रवर्तकांना मतच देता येत नाही असा ठराव असतो का?

असतो, आणि तोच तुमचा.

कंपनी जेव्हा प्रवर्तकाशी, त्याच्या दुसऱ्या कंपनीशी किंवा नातेवाइकाशी मोठा व्यवहार करते, तेव्हा त्याला संबंधित पक्षांबरोबरचा व्यवहार म्हणतात. व्यवहार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल तर शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१५ च्या सूचीबद्धता नियमांनुसार भागधारकांची मंजुरी लागते, आणि तो ठराव मंजूर करण्यासाठी संबंधित पक्षांना मत देता येत नाही. म्हणजे ६३ टक्के शेअर्स हातात असलेला मालकही इथे बाजूला बसतो.

६३ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. नेस्ले इंडियामध्ये स्विस मूळ कंपनीकडे साधारण तेवढाच हिस्सा आहे. नेस्ले इंडिया आपल्या विक्रीच्या ४.५ टक्के रक्कम मूळ कंपनीला रॉयल्टी, म्हणजे तिचं नाव आणि तंत्रज्ञान वापरण्याचं शुल्क, म्हणून देते. २०२४ मध्ये ती दरवर्षी ०.१५ टक्का वाढवत पाच वर्षांत ५.२५ टक्क्यांवर न्यायचा ठराव आला. साधाच ठराव, निम्म्यापेक्षा जास्त मतं मिळाली असती तरी चाललं असतं. पण मूळ कंपनीला मत नव्हतं, आणि बाकीच्या भागधारकांनी तो फेटाळला. रॉयल्टी ४.५ टक्क्यांवरच राहिली. रॉयल्टीचा प्रत्येक रुपया आधी कंपनीच्या, म्हणजे सगळ्या भागधारकांच्या नफ्यातून जातो, म्हणून हा निकाल मला इतका मोलाचा वाटतो.

हा नियम नसता तर काय झालं असतं याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने मेटास नावाच्या दोन कंपन्या विकत घ्यायचं ठरवलं, सुमारे १६० कोटी डॉलरला. त्या कंपन्या सत्यमच्या अध्यक्षांच्याच कुटुंबाच्या होत्या. मेटास हे नाव रोमन लिपीत उलटं वाचलं की सत्यम होतं. भागधारकांना कोणी विचारलं नाही. गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, याच अध्यक्षांचं, रामलिंग राजू यांचं पत्र आलं: ताळेबंदात दाखवलेल्या रोकड आणि बँक शिल्लकीतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते.

नोटीस चाळीस पानांची असते. त्यातलं नेमकं काय वाचू?

पहिली दोन-तीन पानं वाचा, तिथे ठरावांची यादी असते. हिशेब स्वीकारणं, लाभांश, पाळीपाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकाची फेरनिवड, लेखापरीक्षकाची नियुक्ती हा नेहमीचा कामकाजाचा भाग. (लाभांशाबद्दल बरेच जण विचारतात: मंडळाने सुचवलेला लाभांश सभेत वाढवून मागता येत नाही.) त्याखाली 'विशेष कामकाज' सुरू होतं. तिथे प्रत्येक ठरावाच्या शीर्षकापाशी किंवा शेवटी 'साधारण ठराव' की 'विशेष ठराव' ते लिहिलेलं असतं. ते आधी बघा.

मग थेट स्पष्टीकरणात्मक निवेदनावर या. कायद्याच्या कलम १०२ प्रमाणे विशेष कामकाजातल्या प्रत्येक ठरावामागची महत्त्वाची वस्तुस्थिती आणि त्यात कुठल्या संचालकाचा हितसंबंध आहे हे तिथे लिहावंच लागतं. मी हा भाग खालून वर वाचते. शेवटच्या परिच्छेदात बहुतेकदा 'अमुक आणि त्यांचे नातेवाईक वगळता कोणाचाही या ठरावात हितसंबंध नाही' असं वाक्य असतं. 'वगळता'च्या आधीची नावं वाचली की ठराव कोणासाठी आणला आहे ते कळतं.

मानधनाचा ठराव असेल तर मूळ पगाराच्या आकड्यापाशी थांबू नका. खाली जा. 'निव्वळ नफ्याच्या अमुक टक्क्यांपर्यंत कमिशन' असं असतं, मग 'संचालक मंडळ वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे वाढ', आणि नफाच झाला नाही तर 'किमान मानधन' म्हणून काय मिळेल तेही. एकूण कमाल रक्कम रुपयांत लिहिली आहे का? नसेल, तर तुम्ही कोऱ्या धनादेशावर सही करता आहात. प्रवर्तक कुटुंबातल्या कार्यकारी संचालकाचं वार्षिक मानधन ५ कोटी रुपये किंवा निव्वळ नफ्याच्या २.५ टक्के, यांतल्या जास्त रकमेच्या पुढे जाणार असेल तर विशेष ठराव लागतो. त्यामुळे तिथे वर सांगितलेला तिपटीचा हिशेब लागू होतो.

संचालकाच्या नियुक्तीचा ठराव असेल तर परिशिष्टात त्याची माहिती असते: वय, किती कंपन्यांत संचालक आहे, गेल्या वर्षी मंडळाच्या किती बैठका झाल्या आणि त्याने किती गाठल्या. आठपैकी तीन बैठकांना आलेल्या माणसाला परत पाच वर्षं द्यायची का, हे ठरवायला वित्तशास्त्र शिकावं लागत नाही.

स्वतंत्र संचालक खरंच स्वतंत्र असतात का?

स्वतंत्र संचालक म्हणजे कंपनीशी आणि प्रवर्तकांशी आर्थिक हितसंबंध नसलेला संचालक. कागदावर अटी कडक आहेत. पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती, त्यानंतर तीन वर्षांची सक्तीची विश्रांती. एका माणसाला जास्तीत जास्त सात सूचीबद्ध कंपन्यांत स्वतंत्र संचालक होता येतं. मंडळाचा किमान एकतृतीयांश भाग स्वतंत्र हवा, आणि अध्यक्ष कार्यकारी किंवा प्रवर्तकांपैकी असेल तर निम्मा.

पण सत्यमच्या मंडळावरही नामवंत प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, आणि मेटासचा ठराव त्यांच्यासमोरच मंजूर झाला. अडचण अशी की स्वतंत्र संचालकाचं नाव बहुतेक वेळा प्रवर्तकांच्या पसंतीनेच पुढे येतं. सेबीने १ जानेवारी २०२२ पासून सूचीबद्ध कंपन्यांत त्यांच्या नियुक्तीला विशेष ठराव आवश्यक केला, तो यासाठीच. पुढे एक पर्यायही दिला: विशेष ठराव पडला, तरी साधं बहुमत मिळालं आणि सार्वजनिक, म्हणजे प्रवर्तक सोडून बाकीच्या, भागधारकांचंही बहुमत बाजूने असेल तर नियुक्ती टिकते. माझ्या मते मानधनाच्या ठरावापेक्षाही या ठरावाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण पुढच्या पाच वर्षांचं मानधन, व्यवहार आणि लेखापरीक्षण याच माणसांच्या नजरेखालून जाणार असतं.

मत द्यायचं कसं? प्रत्यक्ष सभेला जावं लागतं?

नाही. सूचीबद्ध कंपनीला ई-मतदानाची सोय द्यावीच लागते. ती किमान तीन दिवस खुली असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. पाच म्हणजे पाच. सव्वापाचला लॉग-इन केलेल्यांचे फोन मला दरवर्षी येतात. त्यांना सभेत हजर राहून, सभा सुरू असताना मत देता येतं, एवढाच मार्ग उरतो.

शेअर्सची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या दोन संस्था आहेत. तुमचं डीमॅट खातं त्यांतल्या एनएसडीएलकडे आहे की सीडीएसएलकडे, ते आधी बघा. खाते क्रमांक 'आयएन' अक्षरांनी सुरू होत असेल तर एनएसडीएल, सगळे सोळा अंकच असतील तर सीडीएसएल. त्यांच्या संकेतस्थळावर ई-मतदानाच्या दुव्यावर खाते क्रमांक आणि पॅन टाकला की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आत गेल्यावर ज्या कंपन्यांचं मतदान सुरू आहे त्यांची नावं दिसतात. पूर्वी प्रत्येक मतदान संस्थेकडे वेगळी नोंदणी आणि वेगळा पासवर्ड लागायचा. सेबीच्या डिसेंबर २०२० च्या परिपत्रकानंतर डीमॅटच्या एकाच दारातून सगळीकडे जाता येतं. ठरावासमोर 'बाजूने' किंवा 'विरोधात' निवडायचं, शेअर्सची संख्या तपासायची, सबमिट करायचं. नोटीस आधी वाचली असेल तर पाच मिनिटांचं काम.

मोबाइल नंबर बदलला असेल आणि डीमॅटमध्ये जुनाच असेल, तर ओटीपी भलत्याच माणसाकडे जाईल. ते आज दुरुस्त करा.

नोटीस आल्यावर शेअर्स घेतले किंवा विकले तर?

नोटिशीत 'कट-ऑफ' तारीख दिलेली असते. ती सभेच्या आधी सात दिवसांपेक्षा जास्त लांबची नसते. त्या दिवशी डीमॅटमध्ये जितके शेअर्स, तितकी मतं. नंतर विकले तरी मताचा हक्क राहतो.

दिलेलं मत बदलता येतं?

नाही. एकदा नोंदवलं की संपलं. सभेला हजर राहता येतं, पण परत मत देता येत नाही.

वडिलांच्या किंवा आईच्या नावावर जुने कागदी शेअर्स आहेत. त्यांना मत असतं का?

असतं, फोलिओ क्रमांकावर (कागदी शेअर्सचा खाते क्रमांक). पण आधी एक गोष्ट तपासा. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नसेल तर ते शेअर्स गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे वर्ग होतात, आणि हक्कदार ते परत मिळवेपर्यंत त्यांचा मताधिकार गोठलेला असतो. माझ्या आईच्या नावावरचे असेच शेअर्स कपाटातल्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये होते. प्रमाणपत्रं जशीच्या तशी, घडीही न मोडलेली. शेअर्स मात्र केव्हाच निधीकडे गेलेले. पत्ता बदलल्याचं कंपनीला कधी कळवलंच नव्हतं. परत मिळतात, पण कागदपत्रांची मोठी पायपीट होते.

माझी गुंतवणूक म्युच्युअल फंडातून आहे. मग?

मग मत फंड घराणं देतं. १ एप्रिल २०२२ पासून सेबीने त्यांना सर्व ठरावांवर मत देणं बंधनकारक केलं आहे. कुठल्या ठरावावर काय मत दिलं आणि का, हे त्यांना संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. ती कारणं वाचायला मिळतात हे किती जणांना माहीत असतं? ज्यांना स्वतः नोटीस वाचायला वेळ नाही, त्यांनी तीन-चार फंडांची कारणं वाचली तरी वादाचा मुद्दा कळतो. मात्र हा तपशील मतदानानंतरच हाती येतो, त्यामुळे पुढच्या ठरावासाठी उपयोगी.

'या ठरावाच्या बाजूने मत द्या' असा फोन आला तर?

फोन कोण करतंय आणि त्याचा काय संबंध, हे विचारा. तुमचा ओटीपी कोणालाही देऊ नका आणि फोन चालू असताना मत देऊ नका.

२०२४ च्या मार्चमध्ये आयसीआयसीआय सिक्युरिटीजला शेअर बाजारातून काढून आयसीआयसीआय बँकेची पूर्ण मालकीची उपकंपनी करण्याच्या योजनेवर मतदान झालं. सिक्युरिटीजच्या १०० शेअर्सना बँकेचे ६७, असा प्रस्ताव होता. मतदानाच्या काळात बँकेच्या कर्मचाऱ्यांचे भागधारकांना फोन आले, अशा तक्रारी झाल्या आणि सेबीने बँकेला प्रशासकीय ताकीद दिली. निकाल बघण्यासारखा आहे. एकूण सार्वजनिक भागधारकांची सुमारे ७२ टक्के मतं बाजूने पडली आणि योजना मंजूर झाली. पण त्यातल्या बिगरसंस्थात्मक, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांच्या गटाची दोनतृतीयांश मतं विरोधात होती. संस्थांच्या मतांनी पारडं फिरवलं. योजना चांगली की वाईट यावर मतभेद असू शकतात. मतदाराच्या घरी फोन करून मत मागणं मला पटत नाही.

सभेत प्रश्न विचारता येतो का? माझ्याऐवजी कोणाला पाठवता येईल?

प्रश्न विचारता येतो. २०२० पासून बहुतेक मोठ्या सभा व्हिडिओवर होतात, तिथे 'वक्ता' म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. तारीख नोटिशीत असते. दोन-तीन मिनिटं मिळतात. ती अध्यक्षांच्या अभिनंदनात घालवणाऱ्यांची संख्या बघून मला दरवेळी वाईट वाटतं. एकच प्रश्न विचारा, वार्षिक अहवालाचा पान क्रमांक सांगून विचारा. 'पान १८४, टीप ३७, समूहातल्या कंपनीला दिलेलं कर्ज कधी परत येणार?' अशा प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणं अवघड जातं.

प्रत्यक्ष सभा असेल तर प्रॉक्सी पाठवता येतो, अर्ज ४८ तास आधी पोहोचायला हवा. प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही.

आम्ही छोटे भागधारक एकत्र येऊन काही करू शकतो?

कायद्यात वाटा आहेत, पण चढ आहे. कलम १५१ मध्ये छोट्या भागधारकांनी निवडलेल्या संचालकाची तरतूद आहे. किमान १,००० छोटे भागधारक किंवा एकूण छोट्या भागधारकांपैकी एकदशांश, यांतला कमी आकडा, एवढ्यांनी सूचना द्यायची. 'छोटा' म्हणजे २०,००० रुपयांपर्यंतच्या दर्शनी मूल्याचे शेअर्स असलेला. दर्शनी मूल्य एक रुपया असेल तर वीस हजार शेअर्सवालाही यात बसतो, म्हणजे ही व्याख्या दिसते त्यापेक्षा बरीच सैल आहे. तरतूद चांगली आहे आणि जवळजवळ वापराविना पडून आहे. हजार सह्या गोळा करायला हजार माणसं एकमेकांना सापडावी लागतात.

विशेष सभा बोलावण्यासाठी मताधिकार असलेल्या भांडवलाच्या एकदशांश हिस्सा लागतो. तिथे तर मोठ्यांचीही दमछाक होते. झी एंटरटेनमेंटमध्ये सुमारे १८ टक्के हिस्सा असलेल्या इन्व्हेस्को फंडाने सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक पुनीत गोएंका यांना संचालक मंडळावरून हटवण्यासाठी सभेची मागणी केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. एकल पीठाने मनाई केली, मार्च २०२२ मध्ये खंडपीठाने ती मनाई रद्द केली. भागधारकांचा सभा मागण्याचा हक्क उचलून धरला गेला, पण तोवर सहा महिने गेले होते आणि पुढे फंडानेच मागणी मागे घेतली.

कंपनी दाद देत नसेल तर तक्रार कुठे?

आधी कंपनी सचिव किंवा रजिस्ट्रारकडे (कंपनीच्या वतीने भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था) लेखी. मग सेबीच्या स्कोअर्स या संकेतस्थळावर. तिथे कंपनीला २१ दिवसांत कारवाईचा अहवाल द्यावा लागतो. लाभांश, हस्तांतर, नोटीस न मिळणं अशा तक्रारींना हा रस्ता चांगला. व्यवसायातला निर्णय चुकला म्हणून सेबी तो फिरवत नाही. अन्याय किंवा गैरव्यवस्थापनाचा दावा असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, आणि तिथे वकिलाशिवाय जाऊ नये.

निकाल कुठे बघायचा?

सभेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीला तो शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये 'मतदानाचे निकाल' शोधा. प्रत्येक ठरावाला एक तक्ता असतो आणि त्यात तीन ओळी: प्रवर्तक, सार्वजनिक संस्था, सार्वजनिक बिगरसंस्था. आडवे रकाने म्हणजे किती शेअर्स, किती मतं पडली, त्यातली बाजूने किती, विरोधात किती.

फक्त 'मंजूर' वाचून तक्ता बंद करू नका. दुसऱ्या ओळीत विरोध ३०-४० टक्के दिसला, तर ठराव मंजूर होऊनही संस्थांना त्यात काहीतरी खटकलं आहे. ते काय, हे फंडांनी जाहीर केलेल्या कारणांत सापडेल. मग तिसरी ओळ बघा आणि शेअर्सच्या तुलनेत पडलेली मतं किती ते मोजा. मी उघडलेल्या तक्त्यांत हा आकडा बहुतेकदा तिन्ही ओळींत सगळ्यात लहान असतो. सुरुवातीच्या हिशेबातले घरी बसलेले दहा जण याच ओळीत आहेत.